गरी आणि साचा : पावसाळ्यातले चिकट मासे

या सदराचे वाचक गळाला लावायचे नकली मासे, म्हणजे ल्युअर, घरीच रेझिन ओतून बनवतात. रेझिन म्हणजे हार्डनर नावाचा दुसरा द्रव मिसळला की घट्ट होणारा द्रव. जुलै लागला की त्यांच्या पत्रांचा सूर बदलतो. मे महिन्यात ‘रेझिन कपातच तापून दगड झाले’ असे लिहिणारे वाचक आता ‘चार दिवस झाले, मासा अजून बोटाला चिकटतो’ असे लिहितात. रेझिन तेच, हात तेच, हवा तेवढी बदललेली. त्यात गोव्यात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना समुद्रात बंदी, त्यामुळे सगळ्यांचे लक्ष नदीकडे आणि खाजनांच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनींच्या) मानशींकडे, म्हणजे पाण्याच्या दारांकडे, लागलेले. हाताने बनवलेला काचेसारखा ल्युअर नेमका याच दिवसांत हवा असतो. म्हणून या वेळी पूर्ण सदर रेझिनलाच दिले आहे.

नव्या वाचकांना एवढेच सांगते, मी म्हापशात दातांच्या लॅबमध्ये 27 वर्षे कवळ्या बनवल्या. साचा, सिलिकॉन आणि बुडबुडा यांच्याशी माझा रोजचा संबंध. बाबा कोलवाळला शापोरा नदीवर गरवायला जायचे. त्यांच्यासाठी पहिला नकली मासा मी कवळीच्या उरलेल्या गुलाबी ॲक्रिलिकचा घडवला आणि त्याला तामसो मासा लागला. तो दिवस आणि आजचा दिवस, माझे टेबल रिकामे राहिलेले नाही.

प्रश्न : मी बारावीत आहे. बाटलीवर 2 : 1 लिहिले होते म्हणून स्वयंपाकघरातल्या काट्यावर 30 ग्रॅम रेझिन आणि 15 ग्रॅम हार्डनर घेतले. चार दिवस झाले तरी मासा चिकट आहे. दुसऱ्या वेळी लवकर सुकावे म्हणून हार्डनर थोडा जास्त घातला, तर आणखी मऊ झाला. उन्हात ठेवू म्हटले तर ऊनच नाही. काय चुकले? (डिचोली)

उत्तर : आधी नखाची परीक्षा कर. माशाच्या पोटावर, जिथे रंग नाही तिथे, अंगठ्याचे नख जोराने दाब. नख रुतले आणि खूण राहिली तर आतपर्यंत मऊ आहे, आणि दोष मापाचा किंवा ढवळण्याचा आहे. नख रुतत नाही, खाली टणक लागते, पण बोटाला तूप लावल्यासारखे बुळबुळीत वाटते, तर दोष हवेचा आहे. या दोन आजारांना औषधे वेगवेगळी आहेत. लोक एकाचे औषध दुसऱ्याला देतात.

तुझ्या पत्रावरून मला मापाचा दोष दिसतो. बाटलीवरचे 2 : 1 वजनाचे आहे की आकारमानाचे, ते पुन्हा वाच. बहुतेक वेळा ते आकारमानाचे असते. रेझिन हार्डनरपेक्षा जड असते. रेझिन मिलिलिटरला 1.15 ग्रॅम आणि हार्डनर 0.97 ग्रॅम धर. 20 मिलिलिटर रेझिन म्हणजे 23 ग्रॅम, 10 मिलिलिटर हार्डनर म्हणजे 9.7 ग्रॅम. म्हणजे वजनाने हे प्रमाण 100 ला 42 झाले. तू 100 ला 50 घेतलेस. दुसऱ्या वेळी त्यातही भर घातलीस.

‘हार्डनर वाढवला की लवकर सुकते’ ही समजूत फायबरग्लासच्या कामातून आली आहे. तिथल्या रेझिनला थेंबाथेंबाने उत्प्रेरक लागतो, तो थोडा कमीजास्त चालतो. आपले रेझिन इपॉक्सी जातीचे, ते सुकत नाही, जुळते. रेझिनच्या प्रत्येक रेणूला हार्डनरचा जोडीदार लागतो. जोडीदार जास्त झाले की उरलेले तसेच मोकळे राहतात आणि मासा कायमचा मऊ राहतो. त्याला ऊन दिले काय आणि आठवडाभर थांबलास काय, फरक पडत नाही.

स्वयंपाकघरातला काटा एका ग्रॅमच्या पायरीने दाखवतो. 40-50 ग्रॅमच्या मिश्रणात तो कसाबसा चालेल, पण एका माशापुरते 15 ग्रॅम करशील तेव्हा हार्डनर जेमतेम साडेचार ग्रॅम असतो, तिथे अर्ध्या ग्रॅमची चूक म्हणजे दहा टक्क्यांहून जास्त. सोनार वापरतात तसला 0.01 ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घे. नाहीतर सुई काढलेल्या दोन सिरिंज ठेव, एक रेझिनची, एक हार्डनरची, आणि त्यांची कधी अदलाबदल करू नकोस.

मग ढवळणे. घड्याळ लावून चार मिनिटे, कपाच्या कडा आणि तळ खरवडत. त्यानंतर सगळे मिश्रण दुसऱ्या कोरड्या कपात ओत आणि आणखी एक मिनिट ढवळ. पहिल्या कपाच्या भिंतीला न मिसळलेला थर उरतो, तो खरवडून साच्यात गेला की टणक माशावर मधेच एक चिकट ओघळ दिसतो. लॅबमध्ये नव्या मुलींना मी सगळ्यात आधी हेच शिकवायची.

मऊ झालेले दोन्ही मासे वाचणार नाहीत. कोमट करून सुरीने रेझिन सोल, तार आणि डोळे काढून घे, पुढच्या माशाला वापर. त्यांच्यावर नवा थर ओतू नकोस.

आता हवेचा दोष, कारण तो तुला आज ना उद्या भेटणारच. हार्डनरमध्ये अमाइन नावाचे रसायन असते. हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याशी त्याची गाठ पडली की पृष्ठभागावर मेणचट तवंग येतो. थिनरने पुसलास तर तो नुसता पसरतो. कोमट पाणी, साबणाचे दोन थेंब आणि भांडी घासायचा हिरवा स्क्रबर, एवढ्याने निघतो. न काढता वर दुसरा थर दिलास तर महिन्याभरात पापुद्रा सुटेल.

तवंग येऊच नये म्हणून मी प्लायवूडची एक पेटी केली आहे. झाकणाला दोन भोके, आत 40 वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब, भिंतींपासून वीतभर दूर. (मासळी बाजारातला थर्मोकोलचा खोका घेऊ नकोस, बल्बने वितळतो आणि पेटतोही.) 27 अंशांची 90 टक्के दमट हवा 37 अंशांपर्यंत तापली की दमटपणा साधारण 50 टक्क्यांवर येतो. पाणी तेवढेच असते, पण गरम हवेत ते आणखी मावू शकते. साचा आणि आत घालायच्या वस्तू तासभर आधी पेटीत ठेव, ओतल्यावर साचा परत आत ठेव. यासाठी हळू जुळणारे कास्टिंग रेझिन घे. पाच मिनिटांत घट्ट होणारे तापलेल्या पेटीत उकळल्यासारखे होते.

प्रश्न : माशाच्या पोटात चमकी म्हणून गोळ्यांच्या पाकिटाची चंदेरी पट्टी घालते. तिच्याखाली आणि डोळ्यांमागे हमखास बुडबुडे राहतात. वरून लायटरची ज्योत फिरवली तर वरचे गेले, पण सिलिकॉनचा साचा करपला. प्रेशर पॉट (साचा आत ठेवून हवेचा दाब द्यायचे भांडे) घ्यावा का? घरातला जुना प्रेशर कुकर चालेल का? (काणकोण)

उत्तर : कुकरचे आधी. नाही चालणार, कृपा करून नकोच. कुकर वाफेसाठी बनवलेला असतो, त्याची शिट्टी आणि व्हॉल्व्ह त्या हिशेबाने असतात. त्यात कंप्रेसरची हवा भरली की झाकण उडते आणि समोर आपला चेहरा असतो.

ज्योतीने फक्त पृष्ठभागावरचे बुडबुडे फुटतात, पट्टीखालचे जागचे हलत नाहीत. तुमचे बुडबुडे ढवळण्यातून आलेलेच नाहीत, ते पट्टीने कोंडलेल्या हवेचे आहेत. दातांच्या साच्यात प्लास्टर ओतताना आम्ही कधी एकदम ओतत नसू. एका टोकाला थेंबभर टाकायचे, साचा थरथरणाऱ्या टेबलावर धरायचा, आणि प्लास्टरला स्वतःच्या पायांनी एकेका दाताच्या खळग्यात उतरू द्यायचे. हवा पुढे पळते, प्लास्टर मागून येते. रेझिनचेही तेच आहे.

पट्टी आधी एका बारीक ब्रशने दोन्ही बाजूंनी रेझिनने माखून घ्या, कडा दुमडल्या असतील तिथे जास्त. डोळ्यांच्या खळग्यात काडीच्या टोकाने एकेक थेंब सोडा आणि भिंगातून बघा. थेंब कडेपर्यंत पसरला आणि मधे चकचकीत वर्तुळ दिसले नाही तर हवा निघाली. तसले वर्तुळ दिसले की तो कोंडलेला बुडबुडा, सुईने त्याला कडेला न्या. मग साचा तिरका धरून शेपटीच्या टोकाकडून सुतळीएवढ्या धारेने ओता. निम्मा भरला की थांबा, साच्याच्या कडेला पेन्सिलीने मिनिटभर टकटक करा, मग उरलेला भरा. पाठीच्या सगळ्यात उंच जागी साच्याला सुईएवढे भोक असू द्या, नाहीतर शेवटची हवा तिथेच अडकते. हे एवढे केलेत तरी दहातले आठ बुडबुडे जातील, तेही एक पैसा खर्च न करता.

लाकूड किंवा बूच आत असेल तर आणखी एक. रेझिन जुळताना तापते, आतली हवा फुगते आणि तासाभराने बुडबुड्यांची माळ वर येते. लाकडाला आधी रेझिनचा पातळ हात देऊन घट्ट होऊ द्यायचा, मगच साच्यात ठेवायचे.

प्रेशर पॉट बुडबुडे बाहेर काढत नाही, बारीक करतो. 40 पीएसआय दाबाला बुडबुड्याचे आकारमान जवळपास चौथ्या हिश्शावर येते, पण व्यास जेमतेम एक तृतीयांशाने कमी होतो. बारीक बुडबुडा दिसेनासा होतो, मोठा दिसतोच. दाब रेझिन घट्ट होईपर्यंत सोडायचा नाही, सोडला की सगळे परत फुगतात. आणि साचा दाबाखाली केलेला नसेल तर वेगळाच त्रास. मी पहिल्या वर्षी हीच चूक केली. साधा ओतलेला साचा पॉटमध्ये ठेवला, आणि बाहेर आलेल्या माशांच्या अंगावर मोहरीएवढे फोड. सिलिकॉनच्या आतले बुडबुडे दाबाने आकसले, साच्याची भिंत तिथे खचली, आणि रेझिन त्या खड्ड्यांत शिरले. बारा मासे पॉलिश पेपरने घासत बसले होते. पॉट घ्यायचाच तर दाबाचा आकडा छापलेला आणि सेफ्टी व्हॉल्व्ह असलेलाच घ्या, आणि त्या आकड्याच्या वर कधी जाऊ नका.

प्रश्न : शाळेच्या चिकणमातीत अर्धा मासा रुतवून त्यावर महागाचे प्लॅटिनम सिलिकॉन ओतले. वरचा भाग छान झाला, मातीला लागून असलेला भाग आठवड्यानंतरही चिकट राळेसारखा आहे. सिलिकॉन जुने होते का? (वेंगुर्ले)

उत्तर : जुने असते तर सगळेच मऊ राहिले असते. तुमच्या मातीत गंधक आहे. मॉडेलिंगच्या कित्येक मातींत ते असते, आणि प्लॅटिनम सिलिकॉनचे त्याच्याशी वैर आहे. जिथे स्पर्श तिथे जुळणी थांबते. दातांची मापे घेताना लॅटेक्सचे हातमोजे घालू नका असे सांगतात ते याच कारणाने, नुसत्या मोज्याच्या स्पर्शाने माप चिकट राहते. ‘गंधकविरहित’ असे पाकिटावर लिहिलेली माती आणा आणि मोजे नायट्राइलचे वापरा. थ्रीडी प्रिंटरवर रेझिनमधून छापलेला मूळ मासाही हाच त्रास देतो. नवीन काहीही आणले की आधी नखाएवढ्या तुकड्यावर सिलिकॉनचा थेंब टाकून रात्रभर बघा. महागाचा डबा त्यानंतर उघडा.

प्रश्न : माझा पारदर्शक ल्युअर मे महिन्यात चोडणला पाण्यात जागच्या जागी उभा राहायचा, ना वर ना खाली. तोच आता हळूहळू तळाला जातो. आत पाणी शिरले का? आणि भरीव रेझिनचा मासा तरंगणारा करता येतो का? (चोडण)

उत्तर : पाणी मासळीत शिरलेले नाही, नदीत उतरले आहे! मे महिन्यात मांडवीत भरतीबरोबर खारे पाणी खूप आतपर्यंत येते. जुलैत घाटावरून इतके पाणी उतरते की चोडणला वरचा थर जवळजवळ गोडा असतो. खारे पाणी जड, ते मासा उचलून धरते. फरक मिलिलिटरमागे दोन-अडीच सेंटीग्रॅमचा आहे, पण तुमचा ल्युअर 20 मिलिलिटरचा असेल तर तो साधारण अर्ध्या ग्रॅमवर जातो. जागच्या जागी उभ्या राहणाऱ्या ल्युअरला तेवढा पुरतो. ट्रेबल हुक (तीन टोकांचा गळ) एक नंबर लहान लावा, परत उभा राहील. मी साच्यातच वजन थोडे कमी ठेवते आणि उन्हाळ्यात हुकाच्या दांड्याला शिशाची पातळ पट्टी गुंडाळते, पावसाळ्यात काढते.

भरीव रेझिन कुठल्याच पाण्यात तरंगत नाही. हिशेब करून बघा. 20 मिलिलिटर रेझिन साडेबावीस-तेवीस ग्रॅम, त्यात हुक, रिंगा, तार यांचे चार ग्रॅम. पाणी उचलणार वीस ग्रॅम. आता त्यातले आठ मिलिलिटर काढून तिथे पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाचा गाभा ठेवला, तर गाभा अडीच ग्रॅम, उरलेले बारा मिलिलिटर रेझिन साडेतेरा, लोखंड चार. वीस ग्रॅम, आणि हुकांचे आकारमान धरून पाणी साडेवीस उचलते. जेमतेम तरंगेल, डोके वर काढून. गाभा पाठीच्या बाजूला आणि वजन पोटाच्या बाजूला ठेवा, नाहीतर मासा उताणा पोहतो. गाभ्यावर चंदेरी पट्टी चिकटवली की लाकूड दिसत नाही, आणि बाहेरून सगळा मासा काचेचा वाटतो. काचेच्या बारीक पोकळ गोळ्यांची पूड मिसळूनही रेझिन हलके होते, पण ते दुधासारखे पांढरे होते, पारदर्शकपणा जातो.

एवढी खटपट कशाला, असे कोणी विचारले तर मी त्याला मानशीवर नेते. भरतीला दारे आपोआप मिटतात, ओहोटी लागली की खाजनातले पाणी दारे ढकलून बाहेर पडते आणि त्याबरोबर शेवटे जातीच्या माशांची पिल्ले, कोळंबी वाहत येतात. चोणक हा मोठा शिकारी मासा बाहेर सावलीत तोंड धारेकडे करून उभा असतो. त्या पाण्यात पिल्लू बुडतही नाही, वर उसळतही नाही, धारेबरोबर डोळ्यांसमोरून जाते. ल्युअर तसाच गेला तर चोणक घेतो. दोन बोटे खाली गेला तर मानशीच्या दगडांत अडकतो आणि तुमची आठवड्याची मेहनत तिथेच राहते.

प्रश्न : ओळखीच्या बोटीच्या कारखान्यात रेझिन स्वस्त मिळते. ते चालेल का? (बेतूल)

उत्तर : बोटीला घ्या, माशाला नको. ते पॉलिएस्टर असते, कापडाच्या पातळ थरांसाठी केलेले. हवा लागते ती बाजू चिकटच राहते, कारण पुढचा थर धरावा म्हणून ते तसेच केलेले असते. जाड ओतले की आकसते, तडकते, आणि रंगही गुलाबी-निळसर असतो. त्याचा वास घरभर राहतो, लहान मुले असतील तर मुळीच नको. आणि हे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा : त्याच्याबरोबर मिळणारे कोबाल्ट आणि उत्प्रेरक हे दोन कधीही थेट एकमेकांत मिसळायचे नाहीत, स्फोट होतो.

प्रश्न : खरी सुकवलेली तारली रेझिनमध्ये घालून ल्युअर केला. महिन्यात काळा पडला आणि आत धुके आले. (फोंडा)

उत्तर : वाळवणातली तारली आपल्याला सुकी वाटते, रेझिनला नाही. तिच्यात पाणी असते आणि तेलही. पाण्याने धुके येते, तेलाने रेझिन धरत नाही, आणि आत कुजणे चालूच राहते. त्यापेक्षा ताज्या तारलीचा दिवसाच्या उजेडात फोटो काढा, लेझर प्रिंटरवर छापा, कागदाला दोन्ही बाजूंनी फेव्हिकॉल आणि पाण्याचा पातळ हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. हात न देता कागद घातलात तर तो रेझिन पितो आणि तेलकट कागदासारखा आरपार दिसतो. खवल्यांची निळी-हिरवी झाक मला हवी असते तेव्हा मी फोटोखाली चंदेरी पट्टी लावते.

प्रश्न : ल्युअर स्कूटरच्या डिकीत होते. पिवळे पडले आणि एकाची लिप (तोंडाखालची चपटी पट्टी) वाकली. (मडगाव)

उत्तर : बहुतेक साधी इपॉक्सी 50-60 अंशांना मऊ पडायला लागते, आणि उन्हात उभ्या स्कूटरची डिकी तिथपर्यंत सहज जाते. लिप पॉलिकार्बोनेटची कापून बसवा, रेझिनची ओतू नका. पिवळेपणा उन्हाचा आहे, तो परत जात नाही. पुढच्या माशांना अतिनील किरणे अडवणारा क्लिअर कोट द्या आणि डबा घरात ठेवा.

प्रश्न : दोन वर्षे काही झाले नाही, आता रेझिन हातात घेतले की मनगटावर पुरळ येते आणि रात्री पापण्या सुजतात. मोजे घालून कामाला सुरुवात केली तर चालेल ना? (साखळी)

उत्तर : नाही, ताई. आत्ता काम थांबवा. शरीराने रेझिनची ओळख धरली आहे आणि ही ॲलर्जी सहसा जात नाही, दर वेळी थोड्याशाने जास्त उठते. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका बाईला ॲक्रिलिकची अशीच लागली होती. तिने मोज्यांवर दोन महिने काढले आणि शेवटी लॅब सोडावी लागली. त्वचेच्या डॉक्टरांकडे जा आणि रेझिन, हार्डनर दोन्हींच्या बाटल्यांवरची नावे लिहून बरोबर न्या, त्यांना ती लागतात. हाताला लागलेले थिनरने पुसत असाल तर तेही बंद करा, थिनर त्याला कातडीच्या आत नेतो. साबण आणि पाणीच वापरा. घासलेल्या माशांची पूड टेबलावर असेल तर ती झाडूने उडवू नका, घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी मोजे आणि मास्क घालून ओल्या फडक्याने पुसायला सांगा. तोवर लाकूड कोरा. पांगाऱ्याच्या माशालाही चोणक लागतो, बाबांना लागलेला मी पाहिला आहे. पुरळ कमी झाले की मला लिहा.